हवालदार बसला तर

१२ सप्टेंबर, शुक्रवार

रंजितानं आज जेवता जेवता सांगतलं का ती कांगोले चालली. एका हातात भाकर, दुसऱ्या हातात मिरची अन तोंडात कांगो. जसं काही बोरी अरबच्या बाजाराले चालली अन येता येता वांगे आणते.

"कायचा कांगो?" मी म्हटलं.

"आफ्रिकेत देश हाये, बा. तिथल्या जंगलात गोरिल्ले हायेत. लोकं हरणासाठी फासे लावतात, त्यात गोरिल्ल्याचे पिल्लं अडकतात. त्याइच्या इलाजाले जनावराचा डॉक्टर पायजे. वर्षभरासाठी. माई निवड झाली."

निवड झाली म्हणे! पोरगी जनावराची डॉक्टर, जंगल खात्यात कंत्राटावर, पांढरकवड्याले राहते, वाघ बेशुद्ध करते. तेवढं पुरलं नाही. आता गोरिल्ले पायजेत.

हात धुवून मोबाइल काढला. त्या देशाच्या पूर्वेकडं लढाई चालू हाये. अन गोरिल्ले कुठं? पूर्वेकडंच. बाप्पा! एवढा थोरला देश अन त्या जनावराले राहाले दुसरी जागा भेटली नाही.

जल्मभर दारव्हा डेपोची यष्टी चालवली. लॉगशीट भरायची सवय हाताले लागली ते रिटायर झाल्यावर बी सुटत नाही, म्हणून ही डायरी. लॉगशीटमध्ये शेवटी शेऱ्याचा रकाना राहते. आजचा शेरा: पोट्टी सटकली.

१४ सप्टेंबर, रविवार

मानीबाईनं रडून गोंधळ घालावा अशी माई अपेक्षा होती. अशा टायमाले कामी पडत नसन तर बायको कायले राहते? पण ती आपली बरबटीच्या शेंगा तोडत बसली.

"तुमी काहून एवढे तापून राह्यले?" ती म्हणली. "झरीकडं वाघीण पकडाले गेलती तवा तर चौकात सांगत फिरत होते, माई छोरी वाघाले सुई टोचते मनून. तवा नाई भेव वाटलं?"

भेवाचा सवालच नाही, मी सांगतलं. वाघाची गोष्ट वेगळी. टिपेश्वरचा वाघ आपल्या जिल्ह्याचा हाये. त्याची माय कोण, तो कोणत्या नाल्यावर पाणी पिते, सारं माहीत राहते. गोरिल्ल्याची आपली काय ओळख?

"गोरिल्ला मानूस खात नाई. पाला खाते. मले रंजितानं सांगतलं."

म्हणजे मायलेकीचं कवाचंच ठरलेलं हाये. याडीले म्हणजे मायले आधी माहीत, अन बापाले भाकरीसंगं. या घरात मी एक तेवढा विनातिकीट प्रवासी.

१८ सप्टेंबर, गुरुवार

सरकारचा इशारा सापडला. बोरी अरबले जाऊन कागदावर छापून आणला. साफ लिहिलं हाये का त्या भागात अत्यावश्यक असल्याशिवाय प्रवास टाळावा. मी यष्टीत असतो तर असा कागद समोरच्या काचेवर लावला असता.

येता येता रामरावच्या गोठ्यावर थांबलो. रामरावकडं म्हशी हायेत, लसूणघासाचं वावर हाये, अन सकाळपासून संध्याकाळपर्यंत तोंड हाये. त्याले कागद वाचून दाखवला. मले वाटलं, शहाणा माणूस हाये, म्हणेल बरोबर हाये खेमसिंगभाऊ.

तो म्हणला, "आपल्या यवतमाळ जिल्ह्याचा असा कागद काढला तर कसा होईन?"

अन लेकाचा सुरूच झाला. "आर्णीच्या रस्त्यानं जाऊ नये, टिप्परवाले डोळे मिटून चालवतात. वावरात वाकू नये, वाघाले वाकलेला माणूस जनावर वाटते. दुसऱ्याच्या वावराच्या धुऱ्यावर तारीले हात लावू नये, डुकरासाठी करंट सोडलेला राहते. फवारणीच्या दिवसात कपाशीच्या बाजूनं श्वास घेऊ नये. पावसात झाडाखाली उभं राहू नये. उन्हाळ्यात कुठंच उभं राहू नये. खाली सही, कांगो सरकार."

मी म्हटलं, आपलं राहणं वेगळं हाये रामराव. कोणत्या धुऱ्यावर करंट हाये ते आपल्याले समजते.

"मंग तिथल्या माणसाले तिथलं समजत असन."

अक्कल वाटली तवा हा माणूस म्हशीच्या मागं उभा होता. चहा पिऊन निघालो. चहात साखर बी जास्त होती.

२१ सप्टेंबर, रविवार

आज बबलूले बोलावलं. बबलू माया पुतण्या, फौजेत होता, शांतिसेनेसंगं त्याच कांगोत जाऊन आलेला. आता लोहाऱ्याच्या एमआयडीसीत गेटवर बसते. म्हटलं, यानं लढाई पाह्यली हाये, यानं रंजितासमोर दोन गोष्टी सांगतल्या का पोरगीचं याड उतरन.

"सांग बे, कसं हाये तिथं?"

"भल्लं जंगल हाये काका. निरा हिरवं. अन ज्वालामुखी हाये, कॅम्पातून दिसे."

"ज्वालामुखी राहू दे. गोळीबार सांग."

"गोळीबार आयकू ये कदी कदी. पन मी भांडारात होतो ना. आटा, डाळ, तेल मोजून द्याचं काम."

असा हा आमचा शूर. पंधरा ऑगस्टले शाळेत याले फेटा बांधून बसवतात. परदेशात जाऊन डाळ मोजून आला.

वर त्यानं आणखी घाण केली. रंजिताले म्हणे, "तिथं लोकं लाकडाची दोन चाकाची गाडी चालवतात, ताई. इंजिन नाई, पायडल नाई. तिच्यावर बटाट्याचे पोते लादतात अन उतारानं सोडतात. गोळीबार थांबला का घडीभरात रस्त्यावर हजर. मले तर आपल्या लदेणीची याद ये. आपलेच लोकं वाटत."

रंजिता हसली. आपलेच लोकं म्हणे! आमच्या बंजारा पूर्वजांनी बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ लादून मुलूख पालथा घातला, त्याले लदेणी म्हणतात. बटाट्याच्या पोत्यावर बसून उतारावरून घसरण्याले नाही. बबलूले जेवाले न बसवता पाठवणार होतो, पण मानीबाईनं ताट वाढलं होतं.

२७ सप्टेंबर, शनिवार

रंजितानं तिच्या नव्या संस्थेच्या लोकायची व्यवस्था समजावून सांगतली. नकाशा घेऊन बसली. विमान शेजारच्या देशात उतरते. तिथून रस्त्यानं सीमा ओलांडायची. गाड्या एकट्या जात नाहीत, जोडीनंच जातात. निघायचं सकाळी, दिवस असेपर्यंत पोचायचं. पुढचा रस्ता कसा हाये ते पुढचा माणूस आधी कळवते. नदीच्या पात्रात थांबायचं नाही. गडबड दिसली तर सामान सोडून मागं फिरायचं.

मी म्हटलं, हे शिकवाले गोरे लोकं कायले पायजेत? हे तर माया पणज्याले माहीत होतं. लदेणी अशीच चाले. पहाटे निघे, पुढं दोन माणसं रस्ता पाहाले, नदीच्या पात्रात मुक्काम नाही.

"तेच तर म्हणतो मी, बा." ती मुलासारखी बोलते, लहानपणापासून. "दर साली सेवालाल महाराजांच्या जयंतीले तुम्ही माईकवर काय सांगता? दोन फौजा समोरासमोर राहत, अन मधातून आपली लदेणी जाये. दोन्ही फौजा वाट देत, कारण धान्य दोघाइले पायजे राहे. मंग? डॉक्टर बी दोघाइले पायजे राहते."

"ते भाषण हाये," मी म्हटलं.

"म्हणजे खोटं?"

आता भाषण अन खरं यातला फरक एवढ्या शिकलेल्या पोरीले समजावून सांगायचा म्हणजे गाढवापुढं गीता. मी उठून बैलाले पाणी पाजाले गेलो.

बैलावरून एक गोष्ट डोक्यात आली हाये. उद्या नीट विचार करतो.

२ ऑक्टोबर, दसरा

सोनं वाटून झाल्यावर नसाब बोलावली. नसाब म्हणजे तांड्याची बैठक, अन बैठकीचा नायक मी. पोरगी बापाचं आयकत नसन तर नायकाचं आयकन.

आमच्या तांड्याची जुनी रीत हाये. लदेणीत पुढच्या बैलाचा मान राहे. शिंगाले कवड्या, गळ्यात घंटी. तो चालला तर तांडा चाले, तो बसला तर मुक्काम. अजून बी कोणी मोठ्या कामाले निघालं तर नायकाच्या बैलाले सकाळी मोकळा सोडतात. त्यानं शीव ओलांडली तर जाणं होते. वाटेत बसला तर जाणं रद्द. आजकाल सारे बैल शीव ओलांडतातच, कारण मागून कोणी ना कोणी काठी टोचते. भरतीले जाणाऱ्या पोट्ट्याच्या बापानं तर एकदा बैलाले ढकलत नेलतं.

पण माया बैल म्हणजे हवालदार. नाव उगाच नाही पडलं. दुसरे बैल वखर ओढतात अन हा सावलीत बसून बंदोबस्त पाहते.

मी म्हटलं, मी काही बोलत नाही. बैल सांगन ते. पण काठी नाही, ढकलणं नाही. बसला तर बसला.

सेवादासकाका सगळ्यात बुढे, त्याइनं मान हलवली. "नायकाचा शबूद. सोमवारी सकायी."

मले वाटलं रंजिता भांडन. अंधश्रद्धा म्हणन, शिकलेले लोकं म्हणतात तसं. पण ती माया तोंडाकडं पाहत राह्यली, अन म्हणली, "हवालदार बसला तर मी जात नाही. शीव ओलांडली तर तुम्ही हसत पाठवजा. मंजूर?"

"मंजूर."

डॉक्टर झाली पण डोकं नाही. शेरा: काम झालं.

५ ऑक्टोबर, रविवार

देवाच्या कामात माणसानं थोडा हात लावावाच लागते. नुसत्या हवालदारच्या आळसावर भरोसा ठेवणारा मी बह्याड नाही.

रामरावकडून लसूणघासाचा भारा आणला. कोवळा, दव पडलेला. रामराव म्हणला, "म्हैस घेतली का काय खेमसिंगभाऊ?" मी म्हटलं, हाव, घेतली. संध्याकाळी हवालदारले घास टाकला. त्यावर भिजवलेली तुरीची चुनी. त्यावर सरकीची ढेप. त्यावर गूळ. लेकाचा असा खाऊन राह्यला होता जसं कोणाच्या तेरवीच्या जेवणाले आला. आता उद्या सकाळी हा गोठ्यातून बाहेर निघाला तरी लय झालं.

मानीबाईनं इचारलं, बैलाले एवढं काहून? म्हटलं, उद्या मान हाये त्याचा.

एक वर्ष जाईन, मंग दुसरी कोणाची तरी निवड होईन. पांढरकवड्याचा वाघ कुठं पळून नाही चालला.

६ ऑक्टोबर, सोमवार

हे लिहाले लाज वाटते. पण लिहितो.

सकाळी सारा तांडा आंगणात. मानीबाईनं हवालदारच्या शिंगाले कवड्याची माळ बांधली, कपाळाले कुंकू लावलं. हवालदारचे डोळे अर्धे मिटलेले. मी मनात म्हटलं, शाब्बास गड्या.

सेवादासकाकानं देवाची अरदास म्हटली अन बैल सोडला. हवालदार गोठ्यापासून हापशीपर्यंत गेला. हापशीपाशी थांबला. मंग पुढचे पाय मोडले, मागचे मोडले, अन बसला.

मी आभाळाकडं पाहून हात जोडले. "बसला. देवाची मर्जी." तोंड असं पाडलं जसं मलेच लय दुःख झालं.

रंजिता पुढं आली. मायाकडं पाह्यलंच नाही. बैलापाशी वाकली, त्याच्या डाव्या कुशीवर हात ठेवला अन बोटानं ठोकलं. ढप ढप असा डफासारखा आवाज आला. तवा मी पाह्यलं. हवालदार मान लांब करून तोंडानं श्वास घेऊन राह्यला होता. लाळ जमिनीपर्यंत गळत होती. मी एवढा वेळ तो बसला एवढंच पाह्यलं होतं, बाकी काही पाह्यलंच नव्हतं.

"बा, याले काय खाऊ घातलं?"

"रोजचंच."

"खरं सांगा. पोट फुगलं याचं. कशानं फुगलं त्याच्यावर इलाज ठरते. उशीर झाला तर जाते बैल."

साऱ्या तांड्यासमोर. सेवादासकाका, बबलू, बाया, सारे. अन मी नायक. हवालदारनं डोळा फिरवून मायाकडं पाह्यलं. वासरू होता तवापासून माया हातचं खाते तो.

"लसूणघास," मी म्हटलं. "चुनी. ढेप. गूळ."

"किती?"

"खाल्लं तेवढं."

मागं कोणी तरी खिदळलं. मानीबाईनं तोंडाले पदर लावला, हसाले का रडाले ते पाहाची माई हिंमत झाली नाही.

रंजिता हसली नाही. तिनं हुकूम सोडले. याडीकडून गोडेतेल मागवलं अन बाटलीनं सावकाश पाजलं. कडुनिंबाची जाड काडी बैलाच्या तोंडात आडवी घालून शिंगाले दोरीनं बांधली, म्हणजे तो चघळत राहीन अन वारा बाहेर पडन. तिच्या गाडीच्या डिक्कीत अवजारं होते, ते काढून ठेवले. "तेलानं नाही झालं तर कुशीत भोक पाडा लागन," म्हणली. मंग बबलूले अन चार जणाइले लावून बैलाले उभं केलं.

"बा, दोर धरा. याले चढाकडं न्या. पुढचे पाय वर राह्यले तर वारा सुटते. बसू देऊ नका. मी थांबा म्हणत नाही तोवर थांबायचं नाही."

मी दोर धरला. असा घाट नाही का ज्यात मी यष्टी चढवली नाही, पण असा चढ मी कधी पाह्यला नाही. हवालदार एक पाय टाके अन थांबे. मी त्याच्या कानापाशी तोंड नेऊन बोलत होतो. चाल रे बापा. चाल राजा. माई चूक हाये, तू नको मरू. आयुष्यभर सावलीत बसजो, तुले वखराले जुंपीन तर नावाचा खेमसिंग नाही. पण आज बसू नको रे माया राजा, आज चाल.

मागून ती कूस चोळत येऊन राह्यली होती. मधात मधात म्हणे, "चालू द्या, बा."

मंग हवालदारनं असा ढेकर दिला का बाभळीवरचे बगळे उडाले. आणखी एक दिला. मंग मागून बी मोकळा झाला. कूस खाली बसलेली मले डोळ्यानं दिसली. तो आपणहून भराभरा चालाले लागला अन मी त्याच्या मानेले मिठी मारून रडत रडत चाललो होतो. कोणाले काय वाटते ते गेलं खड्ड्यात.

खालून सेवादासकाका वरडले, "नायका! शीव गेली!"

वळून पाह्यलं. चुना लावलेला शिवेचा दगड मागं राह्यला होता. हवालदार पलीकडं उभा, अन त्याचा दोर माया हातात.

मी म्हटलं, हे धरत नाही. तो आपल्या मनानं गेला नाही, मी नेला.

सेवादासकाका दम खात वर आले. "लदेणीत बी बैल कोनी तरी हाकतच होतं ना बापा," ते म्हणले.

शिवेकडं जाणारा रस्ताच चढाचा. सपाटीवर फिरवून वारा सुटत नव्हता काय? हे मले आता सुचून राह्यलं. पोट्टी माईच हाये.

शेरा: काही नाही.

७ ऑक्टोबर, मंगळवार

बैल बरा हाये. पातळ शेण टाकते, पण उभा हाये.

मले भेव वाटते. लिहून टाकलं. वाघाच्या टायमाले बी वाटलं होतं. ती झरीकडं होती तवा मी चौकात जाऊन बसे, कारण घरात बसवत नव्हतं, अन चौकात बसलं का कोणी तरी इचारे अन मंग फोकनाड्या माराव्या लागत. फोकनाड्या मारता मारता दिवस जाये. आता कांगोच्या कोणत्या फोकनाड्या मारू? पालाखाऊ माकडाच्या?

१२ ऑक्टोबर, रविवार

नागपूरच्या विमानतळावर सोडून आलो. हसत पाठवायचं ठरलं होतं म्हणून हसलो. मानीबाई म्हणली, असं हसाच्यापेक्षा रडले असते तर बरं दिसलं असतं.

डायवर म्हणून दोन गोष्टी सांगतल्या. पहिल्या गाडीत बसू नको, शेवटच्या बी नको. डायवरचे डोळे पाह्यल्याशिवाय गाडीत चढू नको, रात्री जागला असन तर दिसते. पुलावर गाडी थांबवू देऊ नको. कोणी बंदूक दाखवली तर सामान दे, घड्याळ दे, वाद घालू नको, तुई वाद घालायची सवय लय खराब हाये.

"ते माया बापाची हाये," ती म्हणली.

विमानतळावर चहा पाण्यासारखा. काचेतून काही दिसत नाही, उगाच काचा लावल्या.

२१ ऑक्टोबर, दिवाळी

तांड्यातल्या पोरी दिवे घेऊन घरोघर मेरा मागाले आल्या, आमच्यात लग्नाच्या पोरी दिवाळीले तसं गाणं म्हणत येतात. आमच्या दारात बी आल्या. रंजितासारखी बेसूर गाणारी एकही नाही. ती असे तवा कुत्रे भुंकत.

फोन आला. मोबाइलवर गोरिल्ल्याचं पिल्लू दाखवलं. एका हाताले पट्टी, अन दुसऱ्या हातानं तिच्या गळ्याले लोंबकळलेलं. मानीबाई म्हणे, किती गोड! मले काही गोड दिसलं नाही. सेवादासकाकासारखं दिसते.

मंग ती मलेच दम भराले लागली. "बा, बोरीकडं वाघ दिसला म्हणे. बबलूनं व्हिडिओ पाठवला. एकटे वावरात जाऊ नका. वाकून काम करू नका. संध्याकाळी अत्यावश्यक असल्याशिवाय..."

मी फोन मानीबाईले देऊन टाकला. कांगोत बसून यवतमाळचा इशारा काढते.

३ नोव्हेंबर, सोमवार

बातम्यात गोळीबार. ती राहते त्याच बाजूले. फोन लागत नाही.

४ नोव्हेंबर

लागत नाही. रामराव आला अन काही न बोलता बसला. त्याले बी न बोलता येते, हे आज समजलं.

६ नोव्हेंबर

नाही. मानीबाई बरबटीच्या शेंगा तोडून राह्यली. घरात बरबटी कोणी खात नाही. खाणारी तिथं हाये.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

लागला! सारे लोकं सीमा ओलांडून शेजारच्या देशात गेले होते, पिल्लाइले टोपलीत घालून. टॉवर बंद होता. आता ठीक हाये. शांत झालं का परत जाणार. मी म्हटलं, परत कायले? ती म्हणली, "दोन गाड्या होत्या बा, मी दुसऱ्या गाडीत बसलो. डायवरचे डोळे पाह्यले."

मी म्हटलं, दोनच गाड्या तर दुसरी म्हणजेच शेवटची. एवढं सांगून बी समजत नाही. तिकडून हसण्याचा आवाज आला. मंग लाइन गेली. मी बाहेर जाऊन हवालदारले गुळाचा खडा दिला. एकच दिला.

३० नोव्हेंबर, रविवार

ती परत गेली, त्या पट्टीवाल्या पिल्लाजवळ. पट्टी सुटली म्हणे.

संध्याकाळी हवालदारले चढावर घेऊन जात होतो तर रामराव आडवा आला. हा माणूस कामधंदा सोडून रस्त्यावरच उभा राहते.

"खेमसिंगभाऊ, बैल तर ठणठणीत झाला. मंग रोज त्याले शिवेपर्यंत कायले नेता? तिकडं वाघ हाये म्हणतात."

मी म्हटलं, डॉक्टरचा हुकूम हाये. मी थांबा म्हणत नाही तोवर थांबायचं नाही, असं साऱ्या तांड्यासमोर सांगतलं तिनं. अजून थांबा म्हणलीच नाही.

"मंग फोनवर इचारून घ्या ना."

म्हशी पाळून पाळून अक्कल गेली. असं फोनवर कोणी इचारते काय? ती आली म्हणजे इचारीन. शिवेच्या दगडापाशी आम्ही दोघं थोडा वेळ उभे राह्यलो. तिथून यवतमाळचा रस्ता दिसते, अन नागपूरची यष्टी तिकडूनच येते.